खुणा संपल्या की सही

टाचणीचं खरं नाव विचाराल तर तिच्या रोजच्या गिऱ्हाइकांनाही सांगता यायचं नाही. बाजारातल्या एका लाँड्रीच्या मागच्या कोपऱ्यात तिचं मशीन होतं, शेजारी इस्त्री, एक उभा आरसा आणि माप देणाऱ्याने उभं राहायचं बुटकं स्टूल. नवे कपडे ती शिवत नसे. लोक हौसेने कपडे विकत घेत, घरी जाऊन घालून बघत आणि मग तोंड पाडून तिच्याकडे येत. बाही लांब, कंबर सैल, चेन अडकलेली. ते सगळं अंगाला बसवून देणं हे तिचं काम. तोंडात कायम चार-सहा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं दातांच्या फटीतून. टाचण्या तोंडात आहेत तोवर बाई ऐकून घेतेय, आणि त्या काढून ठेवल्या की आता आपल्याला ऐकावं लागणार, हे नेहमीच्यांना पाठ झालं होतं.

तिचा नवरा, म्हणजे आता आधीचा नवरा, फरशा बसवणारा मिस्त्री. ही माणसं दिवसभर गुडघ्यांवर असतात, त्यामुळे त्यांच्या पँटी नेमक्या गुडघ्यावर फाटतात. मिस्त्रीची पहिली पँट अशीच आली. टाचणीने आतून दुहेरी ठिगळ लावून दिलं. पुढच्या महिन्यात दुसरी आली, मग तिसरी. तिसरी फाटलेलीच नव्हती. टाचणीने ती उलटीपालटी करून बघितली, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "यात काय करायचंय?"

"तुम्हीच बघा ना, काही निघतंय का," मिस्त्री म्हणाला. एवढ्यावर लग्न झालं.

घर त्यांना स्वस्तात मिळालं, कारण त्यात फरशीच नव्हती. "फरशीचं काय घेऊन बसलीस? तो तर आपल्या डाव्या हातचा मळ," असं म्हणून मिस्त्रीने छाती पुढे काढली, आणि दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं घर झालं. याला आता बारा वर्षं होऊन गेली होती.

मिस्त्री कामात कच्चा होता म्हणाल, तर मुळीच नाही. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवावी, जागची हलायची नाही. दवाखाने, बँका, बड्या लोकांचे बंगले, सगळीकडून त्याला बोलावणं असायचं. पण हे सगळं कौतुक दुसऱ्यांच्या घरी. स्वतःच्या घरी तो संध्याकाळी यायचा तो कंबर धरूनच. हॉलची फरशी रडतखडत दोन वर्षांत झाली, भिंतीकडेची पट्टी राहिली ती राहिलीच. ओट्याखाली सिमेंट तसंच उघडं. बाथरूमच्या भिंतीला कमरेपर्यंत टाइल्स आणि वर नुसता गिलावा, कारण खालच्या टाइल्स कुठल्याशा कामातून उरलेल्या होत्या आणि वरच्या "तोच रंग मिळाला की" बसणार होत्या. गरम पाण्याचा नळ बसवलेला, पाइप जोडायचा बाकी. झोपायच्या खोलीचं दार फरशीला घासून निम्म्यावर अडायचं. दोघंही अंग चोरून तिरके आत शिरायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं: "उद्या बघतो." टाचणी आपल्या ताईला सांगायची, "तुम्ही नवऱ्याबरोबर संसार करता, मी उद्याबरोबर करते."

नुसती टाइल्सची गोष्ट असती तर तिने आणखी बारा वर्षं काढली असती. पण मिस्त्री भांडणसुद्धा अर्धवट सोडायचा. आवाज चढला की पायात चप्पल आणि गडी बाहेर. तासाभराने परत येऊन ताटावर बसायचा, जसं काही झालंच नाही. मूल हवं का, दवाखान्यात जायचं का, हे बोलणं सात वर्षं भिजत पडलं, आणि मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता उशीर झाला. त्या दिवशीही मिस्त्री म्हणाला, "उद्या बोलू." टाचणीने उद्याची वाट पाहिली. तो बोलला नाही. मग तीच बोलली, आणि वेगळं व्हायचं असंच बोलली.

मिस्त्री थोरल्या भावाकडे राहायला गेला. कोर्टाची कागदपत्रं बिनबोभाट झाली. राहिलं घर. आणि इकडे टाचणीच्या मनात एक दुकान भरलं होतं. लाँड्रीपासून दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारी टोप्या विकायची, ती आता दुकान काढून टाकणार होती. रस्त्याकडे मोठी काच आणि वर राहायला एक खोली. वीस वर्षं दुसऱ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या बाईला आणखी काय हवं? टोपीवाली म्हणाली होती, "वर्ष संपेपर्यंत तुझ्यासाठी थांबते. पुढे माझा इलाज नाही." घर विकल्याशिवाय दुकान घेता येत नव्हतं, आणि मिस्त्रीच्या सहीशिवाय घर विकता येत नव्हतं.

एजंटबाई उत्साही होत्या. दोन फोन, दोन्ही कानांना. पहिलंच गिऱ्हाईक त्यांनी आणलं ते अंगाने चांगलं भक्कम होतं, आणि झोपायच्या खोलीच्या दारात ते पोटाशी अडकलं. पुढे जाववेना, मागे येववेना. त्याची बायको आतून ढकलतेय, एजंटबाई बाहेरून ओढताहेत. सुटल्यावर त्या गृहस्थाने शर्टाचं तुटलेलं बटण टाचणीच्या हातावर ठेवलं आणि परत तोंड दाखवलं नाही. बटण लावून तिने शर्ट पोस्टाने पाठवला असता, पण शर्टच त्याच्या अंगात गेला होता.

हा प्रकार कानावर गेल्यावर मिस्त्री तणतणत आला.

"हे असं घर मी विकू देणार नाही. उद्या लोक विचारतील, फरशी कुणी बसवली? अर्धवट काम टाकून जायची आपल्याला सवय नाही. आधी काम पुरं, मग सही."

टाचणी एवढी हसली की एजंटबाईंना तिला पाणी द्यावं लागलं. पण त्याचा चेहरा खरोखर गंभीर होता. सहीसाठी तो अडून बसला तर कोर्टाच्या पायऱ्या पुन्हा झिजवाव्या लागणार, आणि तोवर टोपीवाली काही थांबत नाही. टाचणीने पर्समधून मार्किंगचा खडू काढला. शिलाईकामाचा चपटा खडू, रोज सकाळी ब्लेडने कड तासलेला.

"चल," ती म्हणाली. "जिथे जिथे काम बाकी आहे तिथे मी फुली मारते. तेवढंच काम करायचं. खुणा संपल्या की सही."

"संपल्या की सही," मिस्त्री म्हणाला.

ती घरभर फिरली. जिथे फट, तिथे फुली. जिथे पोपडा, तिथे फुली. दारावर, नळावर, ओट्याखाली गुडघ्यांवर रांगत जाऊन. कपड्यावर मारायची सवय असल्यामुळे हात भराभर चालत होता. मिस्त्री मागून येत होता आणि प्रत्येक फुलीगणिक खाली बघत होता. एकूण एक्केचाळीस खुणा निघाल्या. बारा वर्षांत एवढं सगळं तिने कधी एका दमात बोलून दाखवलं नव्हतं.

आणि काय सांगावं, पुढच्याच रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर! त्याच्यापुढच्या रविवारीही. बोलणं कामापुरतं. "बादली दे." "पाणी बंद कर." "पाय ठेवू नको, ओलं आहे." टाचणी दोनदा चहा करायची, तो दोनदा प्यायचा, आणि पाचच्या सुमारास हात धुऊन भावाकडे जायचा. दार तासून झालं. टाचणीने ते पूर्ण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आतून काही आणायचं नसतानाही ती त्या दिवशी आठ-दहा वेळा खोलीत जाऊन आली. बाथरूमच्या टाइल्स छतापर्यंत गेल्या. "तोच रंग" चौकातल्या दुकानात गेली कित्येक वर्षं पडून होता. गरम पाण्याचा पाइप जोडायला पंचवीस मिनिटं लागली. टाचणीने घड्याळ लावून बघितलं.

पहिल्यांदा गरम पाण्याने अंघोळ केली तेव्हा ती तासभर बाहेर आली नाही. तिला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा मनस्वी राग आला. पंचवीस मिनिटं! पातेल्याने पाणी वाहून वाहून तिचा खांदा धरला होता, त्याला तेल चोळायला मिस्त्रीने कधी कंटाळा केला नव्हता. पाइप तेवढा जोडला नव्हता.

अकराच खुणा उरल्या असताना एजंटबाईंनी एक नर्सबाई आणल्या. सोबत त्यांची आई, हातात चाकांचं वॉकर. म्हातारीने इकडेतिकडे काही बघितलं नाही. हॉलच्या या टोकापासून स्वयंपाकघराच्या त्या टोकापर्यंत वॉकर ढकलत गेली आणि तशीच परत आली.

"कुठे अडत नाही ग," ती लेकीला म्हणाली. "कुणी बसवली फरशी?"

"मी," कोपऱ्यात टाइल कापत बसलेला मिस्त्री म्हणाला, आणि शाळेत नंबर आल्यासारखा फुलला. म्हातारीसाठी त्याने बाथरूमचा उंबराही काढून सपाट केला. त्यावर फुली नव्हती, तरी केला.

व्यवहार ठरला. नर्सबाईंना वीस तारखेच्या आत राहती जागा सोडायची होती. टाचणीच्या दुकानालाही ते सोयीचं होतं. आता उरल्या होत्या फक्त तीन खुणा.

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. रविवारी मिस्त्री तीन खुणा पुसून जायचा, आणि शनिवारी एजंटबाईंना सांगायला म्हणून टाचणीने मोजायला जावं, तर तीन. तिला वाटलं, मोजताना चुकले असेन. पुढच्या शनिवारी पुन्हा तीन. एक खिडकीखाली, एक हॉलच्या मधोमध, एक ओट्यापाशी. मिस्त्री म्हणायचा, "फरशी पोकळ वाजतेय, उचलून बसवावी लागेल," आणि चांगली बसलेली फरशी उचलून पुन्हा बसवायचा. एजंटबाईंचा धीर सुटत चालला.

"ताई, तीनाच्या खालचा आकडाच नाही का हो तुमच्याकडे? दोनसुद्धा चालेल. नर्सबाई दुसरं घर बघायला लागल्यात."

त्या आठवड्यात लाँड्रीचा बॉयलर बिघडला आणि टाचणीला भर दुपारची सुट्टी मिळाली. घरी येऊन ती एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बटणं लावत बसली होती. बटण सुटून घरंगळत हॉलच्या मधोमध गेलं. उचलायला ती गुडघ्यांवर बसली, आणि फुली तिच्या नाकासमोर आली.

रेघ जाड होती.

टाचणी बघत राहिली. तिच्या खडूची रेघ दोऱ्याएवढी बारीक पडते. वीस वर्षं ती अशाच रेघेवर कात्री चालवत आली होती. रेघ जाड झाली तर पँट अर्धं बोट तोकडी होते. ही रेघ करंगळीएवढी होती, भुरभुरीत, फरशीवर माप टाकायच्या खडूची. ती उठून खिडकीपाशी गेली. जाड. ओट्यापाशी. जाड. तिने बोटाच्या सांध्याने फरशी वाजवून बघितली. पोकळ कसं वाजतं हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्याने शिकवलं होतं. फरशी घट्ट बसलेली होती. म्हणजे ती दुसरा चहा करायला आत गेली की हा बाबा मागे स्वतःच फुल्या मारून ठेवत होता!

तिची तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन उचलला, नंबर लावला आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत बंद केला. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तिला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. या माणसाला "जाऊ नको" एवढं तोंडाने म्हणता येत नव्हतं, म्हणून तो रविवारमागून रविवार चांगल्या फरशा उखडत बसला होता.

खरं सांगायचं तर अर्धा तास ती डगमगली. उठून घरभर फिरली. दार अलगद उघडत होतं, नळाला गरम पाणी होतं, भिंतीकडेची पट्टी सरळ रेषेत गेली होती. हेच घर तिने बारा वर्षं मागितलं होतं. एजंटबाईंना नाही म्हणायला एक फोन पुरला असता. दुकान काय, नाहीतर नाही. लाँड्रीचा कोपरा होताच. मग ओट्यापाशी उभं राहून तिने स्वतःला एकच विचारलं: सहीची अट नसती तर यातलं काय झालं असतं? उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. तिने फडकं ओलं केलं आणि तिन्ही फुल्या पुसून टाकल्या.

रविवारी मिस्त्री आला. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खिडकीपाशी गेला, हॉलमध्ये घुटमळला, ओट्याखाली वाकून बघितलं. टाचणी तोंडात टाचण्या धरून नर्सबाईंच्या पडद्यांना इथल्या खिडक्यांचं माप लावत होती.

"खुणा कुठे गेल्या?" त्याने विचारलं.

"संपल्या."

"तीन होत्या ना?"

"त्या माझ्या नव्हत्या."

मिस्त्रीचे कान लाल झाले. त्याची नजर दाराकडे, चपलांकडे गेली. टाचणीला वाटलं, आता हा चालू लागणार. पण तो गेला नाही. बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला.

"घर चांगलं झालंय," तो म्हणाला.

"झालंय."

"राहण्यासारखं झालंय."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पडद्याच्या कडेला खोचल्या.

"तुला येत होतं रे सगळं. चार महिन्यांत केलंस. मला वाटायचं, दमतोस, जमत नसेल, म्हणून गप्प बसायचे. जमत होतं. मी मागत होते तेव्हा केलं नाहीस, गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर केलंस. माझं दुखणं तेच आहे."

"मला वाटलं, एकदा पुरं झालं की तूच म्हणशील, कशाला विकायचं."

"मी काय म्हणेन ते मला विचारायचं असतं."

"आता विचारतो. राहशील?"

"नाही," टाचणी म्हणाली. "पण विचारलंस ते बरं केलंस."

दोघांचेही डोळे भरले होते आणि दोघांनीही ते लपवले नाहीत. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एक बोलणं सुरू होऊन शेवटाला गेलं. मग टाचणीने चहा टाकला, एकदाच, आणि मिस्त्रीने तो सावकाश प्यायला. जाताना तो म्हणाला, "मंगळवारी सहीला किती वाजता जायचंय ते एजंटबाईंना कळवायला सांग."

मंगळवारी नोंदणी कार्यालयात ही गर्दी. कारकुनाने मान वर न करता "इथे, इथे आणि इथे" करत बोट फिरवलं. मिस्त्रीने तिन्ही ठिकाणी सह्या केल्या, एकही उद्यावर टाकली नाही. नर्सबाईंच्या आईने तिथेही वॉकर फिरवून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "इथली काही बरी नाही बसवलेली." मिस्त्रीने तिच्या हातात किल्ली दिली आणि पहिला महिना फरशी कशाने पुसायची नाही ते दोनदा बजावून सांगितलं. टाचणीने पडद्यांची घडी दिली. एजंटबाई दोन्ही फोनांवर एकदम आनंद कळवत होत्या.

कार्यालयाच्या पायऱ्या उतरून दोघं फुटपाथवर आले.

"दुकान पक्कं झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"झालं. सोमवारी ताबा."

"फरशी कशी आहे तिथली?"

टोपीवालीच्या दुकानाची फरशी म्हणजे नुसता उच्छाद होता. चार ठिकाणी फुटलेली, एक कोपरा एवढा खचलेला की दोऱ्याचं रीळ ठेवलं तर ते आपलं आपण दारापर्यंत गडगडत जायचं. आदल्याच दिवशी टाचणीने ती नीट बघितली होती, आणि तिच्या मनात पहिली गोष्ट काय आली होती तर ही की मिस्त्रीला सांगायला हवं. तिने त्याच्याकडे बघितलं. खिशातल्या टेपवर त्याचा हात आधीच गेला होता.

"चांगली आहे," ती म्हणाली. "एकदम चांगली. काही करायला नको."

मिस्त्रीने हात खिशातून काढला. "मग बरं झालं," म्हणाला, आणि बसस्टॉपच्या दिशेने निघाला. पँटच्या गुडघ्यांवर तिनेच लावलेली ठिगळं होती. तो वळणाआड जाईपर्यंत टाचणी उभी राहिली आणि मग तिने रस्त्यावरच, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, मनसोक्त रडून घेतलं. मग ओढणीने तोंड पुसलं आणि एजंटबाईंना फोन लावला.

"बाई, तुमच्या ओळखीत दुसरा कुणी फरशीवाला आहे का हो?"